तीनवर कोण उभं आहे?

ज्या वर्षी करिष्माचं लग्न दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी लागलं, त्या वर्षीची ही गोष्ट. मुलाकडच्यांनी सकाळी अकरा-चाळीसचा मुहूर्त काढला होता, मुलीकडच्यांना संध्याकाळी सातचा गोरज हवा होता. मुलीचे वडील काळूराम हरी मढवी, राहणार दिघाशी, तालुका भिवंडी, हे स्वतःच पंच. त्यांनी दोन्ही वेळांची बेरीज केली, दोनाने भागली आणि निकाल दिला. तीन-वीसला भटजी जेवून आडवे झाले होते, बँडवाले दुसऱ्या गावाला गेले होते, सकाळचं वऱ्हाड निघून गेलं होतं आणि संध्याकाळचं यायचं होतं. मंगलाष्टकांना दोन्हीकडची मिळून एकोणीस माणसं उभी होती. कोणाच्याही मनासारखं झालं नाही, म्हणून कोणाला तक्रार करता आली नाही. (यालाच न्याय म्हणतात.)

भांडण म्हटलं की दोन टोकं आली, आणि दोन टोकं म्हटली की मध्य आला, हे सत्य सूर्य-चंद्राइतकं जुनं आहे. शहाणी माणसं कोण खरं कोण खोटं ते शोधत बसतात आणि म्हातारी होतात. काळूराम ते शोधत बसत नसत. तीस वर्षांत त्यांनी दोनशे बारा भांडणं सोडवली आणि एकातही खरं कोणाचं होतं ते त्यांना कळलं नाही. कळायची गरजच पडली नाही. दोन भावांच्या गणपतीचं तोंड कुठल्या दिशेला करायचं यावर डोकी फुटायची वेळ आली, तेव्हा एक भाऊ पूर्व म्हणत होता, दुसरा उत्तर. काळूरामनी मूर्ती मधल्या कोनात बसवली. गणपती पाच दिवस भिंतीच्या कोपऱ्याकडे पाहत बसला आणि भाऊ शेजारी शेजारी जेवले.

सगळे निकाल एका जाड वहीत लिहिलेले होते. काळूराम चौपन्न वर्षांचे होईपर्यंत अंगठा उठवत. नात मृणाली पहिलीत गेली तेव्हा तिच्या पाटीवर तिच्याबरोबर तेही बसले. ती ‘क’ काढायची, हे ‘क’ काढायचे. ती चिडून म्हणायची, “आबा, शेपटी उलटी काढलीस,” आणि हे पुसून पुन्हा काढायचे. भागाकारही त्यांना तिनेच शिकवला, पण दोनाने भागणं आल्यावर त्यांनी पाटी खाली ठेवली. पुढचे भागाकार आपल्या कामाचे नाहीत असं त्यांना वाटलं. अक्षर हाती आल्यावर आधीचे सगळे निकाल त्यांनी आठवून आठवून वहीत उतरवले. वहीच्या पहिल्या पानावर एकच नियम होता: ‘झालेल्या निकालाच्या माघारी जायचं न्हाय. फुडचं भांडन असंल तर फुडचं आना.’

असा माणूस संस्थेचा अध्यक्ष असल्यावर त्या संस्थेत गणित सुखात नांदावं यात नवल नाही. शेलार गावाच्या पुढे रस्त्याला लागून काळूरामची जमीन होती. तिच्यावर गोडाऊन बांधावं असं मुलगा मनोज म्हणत होता आणि देऊळ बांधावं असं आक्का, म्हणजे काळूरामची बायको, म्हणत होती. मध्य काढल्यावर कनिष्ठ महाविद्यालय आलं. पत्रे गोडाऊनचे आहेत, घंटा देवळाची.

या महाविद्यालयात गणिताला दोन शिक्षक. केदार सर भिवंडीतल्या जुन्या कारकुनी घरातले. त्यांच्या घरात तीन पिढ्या नीट रेघ आखून लिहिलं जातं. ते पायऱ्यांना गुण देत. उत्तर चुकलं तरी पायऱ्या बरोबर असल्या तर चारपैकी तीन. तनया मॅडम उत्तराला गुण देत. पायऱ्या त्या वाचतच नसत. शेवटची ओळ नमुना उत्तराशी जुळली तर चार, नाही तर भोपळा. एकाच मुलाला एकाच उत्तरासाठी एकीकडे तीन आणि एकीकडे शून्य मिळू लागलं, तेव्हा प्रकरण अध्यक्षांकडे गेलं. तेव्हापासून खालील परिपत्रक अमलात आहे:

‘परिपत्रक क्र. ७. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, (अ) प्रत्येक उत्तरपत्रिका दोन्ही परीक्षक तपासतील व दोहोंच्या गुणांचा मध्य हाच अंतिम गुण समजण्यात येईल. (आ) नमुना उत्तरे परीक्षेपूर्वी उत्तरमंजुरी समितीपुढे ठेवून अध्यक्षांची स्वाक्षरी घेण्यात यावी. (इ) ज्या प्रश्नास दोन उत्तरे निघतील त्याबाबत समिती योग्य तो तोडगा काढील.’

कलम ‘इ’मुळे बीजगणितात मोठी सुधारणा झाली. जिथे समीकरणाची दोन उत्तरं निघत, दोन आणि तीन, तिथे नमुना उत्तरपत्रिकेत अडीच आलं. जिथे एक उत्तर अधिक पाच आणि दुसरं उणे पाच असे, तिथे शून्य आलं. हा निकाल काळूरामना स्वतःला फार आवडे. अशाने दोन्ही पक्षांना काहीच मिळत नाही आणि दोघंही सारखेच घरी जातात.

काळूरामना गणित समजत नव्हतं असं मात्र कोणी म्हणू नये. इंटिग्रेशनच्या उत्तराला शेवटी ‘अधिक सी’ का लावतात, ते केदार सर दरवर्षी चाळीस मिनिटं शिकवत आणि वर्ग विसरे. काळूरामनी समितीत विचारलं, “ह्यो सी कोन?”

“कोणीही असू शकतो, शेठ. कोण ते कळत नाही, पण धरावा लागतो.”

“आपल्यात परत्येक पंगतीला येक बसतो तसा,” काळूराम म्हणाले. “कुनाचा पावना ते कुनालाच म्हाईत न्हाय. पन ताट वाढावं लागतं. लिवा लिवा, चांगला हाय.”

केदार सर त्या दिवशी घरी जाऊन बायकोला म्हणाले की, बावीस वर्षांत ‘सी’ इतका नीट कोणाला समजलेला मी पाहिला नाही.

त्या वर्षी करिष्मा सासरी गेली आणि घरात एकच पोर उरली, मनोजची मृणाली. ती बारावीला होती आणि तिने जेवता जेवता सांगितलं की मला पुण्याला जायचं आहे, गणित शिकायला.

“गनित शिकून काय व्हनार?” मनोजने विचारलं.

“गणित येणार.”

“नुसतं गनित? त्याच्याफुडं काय न्हाय? इंजनेर, सीए, काय?”

“नुसतं.”

मनोजने भाकरी खाली ठेवली. त्याच्या मते पोरीने इथेच भिवंडीत कॉमर्स करावं, घरून जावं-यावं, घरच्या जुन्या गोडाऊनचं बघावं. दोघंही काळूरामकडे वळले. घरचं भांडण म्हणून काळूरामनी ढिलाई केली नाही. हात धुऊन वही आणली, दोन्ही पक्षांचं म्हणणं घेतलं. मृणाली म्हणाली, पूर्वपरीक्षेत गणितात ऐंशीपैकी ऐंशी काढून दाखवीन, मग तर जाऊ द्याल? मनोजने हिशोब केला. पोरगी चाचण्यांत शहात्तरच्या वर कधी गेली नव्हती. तो म्हणाला, मंजूर, पण शहात्तर किंवा खाली आली तर भिवंडी, आणि पुन्हा तोंड उघडायचं नाही. काळूरामनी दोन्ही अटी एकाच ओळीत लिहिल्या. बोर्डाच्या गुणांवर ठरवावं असं आक्का म्हणाली, पण बोर्डाचा पेपर कोण तपासतो ते आपल्याला दिसत नाही, आपल्या कॉलेजात सगळं डोळ्यांसमोर असतं, असं काळूरामचं मत पडलं.

सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर आणि एकोणऐंशी यांचं काय, हे कोणी विचारलं नाही.

जानेवारीत उत्तरमंजुरी समिती बसली. बाकीचे प्रश्न पोहे येईपर्यंत उरकले. एका प्रश्नावर मात्र समितीचा चहा गार झाला. प्रश्न असा होता की, एका फंक्शनची किंमत एक्स एकपेक्षा लहान असताना एक्स अधिक एक धरायची आणि एक्स एकपेक्षा मोठा असताना एक्स अधिक तीन. तर एक्स एकाजवळ जाताना लिमिट काढा. केदार सरांनी नमुना उत्तर लिहिलं होतं: ‘डावीकडून दोन येतात, उजवीकडून चार येतात, म्हणून लिमिट अस्तित्वात नाही.’

काळूरामनी बोट ठेवून ओळ वाचली. पुन्हा वाचली. त्यांचा चेहरा पडला.

“सर, डावीकडचा काय बोलतो?”

“दोन.”

“आनि उजवीकडचा?”

“चार.”

“दोघं आपापल्या जाग्यावर पक्के हायत?”

“अगदी पक्के.”

“आनि तुम्ही लिवता निकालच न्हाय?” काळूरामना खरोखर वाईट वाटलं होतं. “येवढी दोन मानसं दोन बाजूंनी चालत आली, आनि तुम्ही दारातनं सांगता, जा, काय न्हाय तुमचं? मंग आपन हितं कशाला बसलोय?”

“शेठ, हे भांडण नाही, हे फंक्शन आहे.”

“समदे पयल्यांदा असंच बोलतात.”

त्यांनी पेन उघडलं, ‘अस्तित्वात नाही’ यावर एक रेघ मारली, वर ‘३’ लिहिलं आणि सही केली. तनया मॅडमनी लगेच उतरवून घेतलं. केदार सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर ट्रकची रांग लागली होती आणि तिला कुठलीही लिमिट दिसत नव्हती.

परीक्षा शांततेत पार पडली. सदर प्रश्नाचा तपशील संस्थेच्या दप्तरी नोंदलेला आहे तो असा. एकूण परीक्षार्थी एकसष्ट. पैकी दोन हे उत्तर लिहिणारे चोवीस (हे डावीकडून गेले आणि पोचल्यावर थांबले). चार लिहिणारे एकोणीस (हे उजवीकडून गेले). तीन लिहिणारे अकरा (यांना गणित येत नव्हतं, पण अध्यक्ष कोण ते ठाऊक होतं, हे आयुष्यात पुढे जातील). कोरी जागा सोडणारे सहा. ‘लिमिट अस्तित्वात नाही’ असं लिहिणारी एक.

दोन आणि चारवाले अर्धे अर्धे बरोबर धरून त्यांना निम्मे गुण मिळाले. तीनवाल्यांना पूर्ण मिळाले. कोऱ्या जागेलाही एक गुण देण्यात आला, कारण त्या मुलांनी कोणाचीच बाजू घेतली नव्हती आणि अशी माणसं पंचाला हवी असतात. उरली एक उत्तरपत्रिका. केदार सरांनी तिला चारपैकी चार दिले, लाल शाईने, आणि चाराच्या खाली रेघ इतकी दाबून मारली की मागच्या पानावर उमटली. तनया मॅडमनी शेवटची ओळ पाहिली, नमुना उत्तर पाहिलं आणि शून्य दिलं. तनया मॅडमचं चुकलं असं म्हणता येणार नाही. त्यांच्या हातात अध्यक्षांच्या सहीचा कागद होता. मध्य दोन निघाला. बाकी सगळा पेपर दोघांकडेही पूर्ण बरोबर होता.

मृणाली मनोज मढवी. ऐंशीपैकी अठ्ठ्याहत्तर.

उत्तरपत्रिका घेऊन ती दुपारी घरी आली तेव्हा काळूराम अंगणात बाजेवर बसले होते आणि आक्का वालाच्या शेंगा सोलत होती.

“आबा, हे तीन कुठून आलं?”

“मध्यावरनं.”

“मध्यावर काय आहे?”

“तीन.”

मृणाली खाली बसली. तिने शेंगांच्या टरफलांनी जमिनीवर दोन रेघा मांडल्या. एक इकडून आली, एक तिकडून, पण दुसरी पहिलीच्या वीतभर वर.

“ही कामवारी नदी समज. ह्या काठाकडून पूल बांधत आणला, तो इथं आला, दोनवर. त्या काठाकडून आणला, तो इथं, चारवर. मधे फट. आता तुझा माणूस रिक्षा घेऊन निघाला. तीनवर कुठं उभा राहील?”

काळूराम वाकून पाहत राहिले.

“फळी टाकायची,” ते म्हणाले.

“कोणी टाकली नाही फळी. आहे तसं बघ. तीनवर कोण उभं आहे?”

एक शेंग फुटली.

“कुनी न्हाय,” काळूराम म्हणाले.

“मग मी काय लिहिलं?”

काळूरामना त्या क्षणी सगळं समजलं, आणि समजण्यात केवढा धोका असतो तेही समजलं. एका ठिकाणी मध्यावर कोणीच उभं नसेल तर दोनशे बारा ठिकाणी कोण उभं होतं ते जाऊन बघावं लागेल. कोपऱ्याकडे तोंड केलेला गणपती त्यांच्या डोळ्यांसमोर आला. तीन-वीसच्या मंगलाष्टकांना उभी असलेली एकोणीस माणसं आली. आणि समोर नात बसली होती. तिला चार दिले तर उद्या अख्खं दिघाशी म्हणेल, काळूराम घरच्यांसाठी निकाल फिरवतो.

“झालेल्या निकालाच्या माघारी जायाचं न्हाय,” ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा लहान निघाला. “चारातलं दोन मिळालं ना गो? शून्यापरीस बरं न्हाय का?”

“नाही,” मृणाली म्हणाली. “शून्य तरी कोणीतरी दिलं होतं. चारही कोणीतरी दिले होते. दोन कोणीच दिले नाहीत.”

आक्का शेंगेवरून नजर न काढता म्हणाली, “पोरीनं तुला अक्षर शिकिवलं. तू तिला काय शिकिवलंस, निम्मं?”

संध्याकाळी वही उघडण्यात आली. अठ्ठ्याहत्तर ना ऐंशी होते ना शहात्तर. ते दोहोंच्या नेमके मध्यावर होते. सबब काळूरामनी दिलेला निकाल क्र. २१३ असा: ‘मृणाली पुन्यास जानार न्हाय व भिवंडीतबी राहनार न्हाय. दोघांच्या मध्यावर जाईल.’ मनोजने मोबाईलवर पाहिलं. घराच्या फाटकापासून पुण्याच्या त्या कॉलेजच्या फाटकापर्यंत एकशे चाळीस किलोमीटर भरलं. मध्य खोपोलीच्या आसपास एका पेट्रोल पंपावर येत होता.

तिथे तीन वर्षं राहून पोरीने करायचं काय, हा प्रश्न निकालात नव्हता. निकाल देणं हे पंचाचं काम. निकालात राहणं हे पक्षकारांचं.

मृणाली भांडली नाही. यावरूनच आक्काला संशय यायला हवा होता, आणि आला. तिने पोरीला पुण्याच्या कॉलेजचा अर्ज भरायला लावला. मनोज ओरडला तेव्हा म्हणाली, “जायाचं न्हाय असं लिवलंय. अर्ज भरायचा न्हाय असं कुठं लिवलंय? दाखव.” वहीत तसं लिहिलेलं नव्हतं. बोर्डाचा निकाल लागला, यादी लागली, यादीत नाव लागलं. प्रवेशाचा शेवटचा दिवस आला तेव्हा मृणाली सकाळी कपड्यांची बॅग घेऊन जीपमध्ये बसली आणि बापाला म्हणाली, “चला, निकाल बजावू या.”

मनोजचा एक मोठा गुण होता. बापाचा निकाल त्याने कधी मोडला नव्हता. त्याचा मोठा दोषही तोच. मीटरवर बरोबर सत्तर झाले तेव्हा जीप पेट्रोल पंपाच्या हवा भरायच्या नळापाशी होती. मृणालीने तिथे बॅग उतरवली, बॅगेवर बसली आणि फोन लावला.

“आबा, भांडण आहे.”

“कुनाचं?”

“माझं आणि पप्पांचं. मी म्हणते पुण्याला. ते म्हणतात…”

“मी म्हंतो मागारी भिवंडीला!” मनोज ओरडला.

“मागारी न्हाय,” काळूराम फोनमध्ये म्हणाले. नियम पहिल्या पानावरचा होता. “निकाल झालाय. तिच्या मागं जाता यायचं न्हाय. फुडचं बोल.”

मनोज विचारात पडला. पुण्याला नाही आणि मागेही नाही, मग त्याच्याकडे बोलायला एकच उरलं. “मंग हितंच,” तो म्हणाला.

“येक बोलतो हितं, येक बोलते पुन्याला. किती ऱ्हायलंय?”

“सत्तर.”

दोन पक्ष, दोन टोकं. तीस वर्षांचा हात होता. तो आपोआप चालला. “पस्तीसवर जा,” काळूराम म्हणाले आणि वहीत २१४ आकडा टाकला.

पस्तीस किलोमीटरवर वडगाव आलं. रस्त्याकडेला उसाच्या रसाची गाडी होती. मनोजने दोन ग्लास पिऊन सांगितलं, “हितंच.” मृणालीने फोन लावला. २१५: साडेसतरा. निगडी. रिक्षा स्टँडच्या कोपऱ्यावर मनोज म्हणाला, “हितंच.” आता तो हे जरा लाजून म्हणत होता, कारण रिक्षावाले ऐकत होते. २१६: पावणेनऊ.

इकडे अंगणात काळूराम पेन्सिलीने आकडे एकाखाली एक लिहीत होते. सत्तर, पस्तीस, साडेसतरा, पावणेनऊ. पावणेनऊचं निम्मं काढताना पेन्सिल थांबली. आक्का शेजारी बसून हसत होती, पदर तोंडाला लावून.

“काय झालं?”

“काय न्हाय. पोरगी तुला घेऊन चाललीय पुन्याला, तुझ्याच वहीत बसून.”

काळूरामनी आकड्यांकडे पाहिलं. ते लहान लहान होत चालले होते. त्यांना एवढे लहान आकडे काढायची सवय नव्हती. पुढचा फोन आला तेव्हा त्यांनी निकाल देण्याआधी विचारलं:

“पोरी, ह्ये कुठं संपतं?”

“संपत नाही, आबा. निम्म्याचं निम्मं, त्याच्या निम्म्याचं निम्मं. कितीही वेळा कर, थोडं उरतंच.”

“मंग तू पोचायची कशी?”

“पुण्याच्या पुढं मी जात नाही. आणि पुण्याच्या अलीकडं मला कुठंच थांबवता येत नाही. तू म्हणशील ती खूण कर, मी तिच्या पुढं गेलेली असेन.”

डावीकडून दोन, उजवीकडून चार, आणि मध्ये कोणीच नाही, तो पूल काळूरामना आठवला. मग हा रस्ता पाहिला. याच्यात फट नव्हती.

“मंग ह्ये हाय का न्हाय? तुझं ते लिमिट?”

“ह्या वेळी हाय,” मृणाली म्हणाली. पाच महिन्यांत ती पहिल्यांदा त्यांच्यासारखं बोलली.

त्यानंतरचे निकाल भराभर झाले. २१७, २१८, २१९. मनोज आता जीपमधून उतरतही नव्हता. खिडकीतून “हितंच” म्हणे आणि गिअर टाके. २२२ला कॉलेजचं फाटक दिसायला लागलं. २२५ला त्याने जीप लावली आणि बॅग स्वतः उचलली. पुढचे निकाल पायी चालत झाले. फाटकावरचा वॉचमन बघत होता की एक माणूस आणि एक मुलगी चार पावलं चालतात, थांबतात, फोन करतात, दोन पावलं चालतात, थांबतात, फोन करतात. (शिक्षणसंस्थेच्या दारात याहून विचित्र प्रकार त्याने पाहिले असावेत; त्याने हटकलं नाही.)

“आबा, भांडण आहे.”

“किती ऱ्हायलंय?”

“एक पाऊल. मी म्हणते आत, पप्पा म्हणतात…” तिने बापाकडे पाहिलं. मनोज बॅग खांद्यावर घेऊन उभा होता आणि काहीच म्हणत नव्हता.

“पप्पा काय म्हणत नाहीत,” ती म्हणाली.

काळूरामनी पेन्सिल टेकवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढे असं भांडण आलं होतं ज्याला एकच बाजू होती. “निम्मं पाऊल टाकता येत न्हाय,” ते म्हणाले. “टाक अख्खं.”

वहीत शेवटची नोंद आहे: ‘२३०. मृणालीचं खरं.’ खरं हा शब्द त्या वहीत पहिल्यांदा आला आहे आणि त्याच्या ‘ख’ची शेपटी उलटी आहे.

पुढे काळूरामनी कुठलंही भांडण घेतलं नाही. परिपत्रक क्र. ७ रद्द करावं असा ठराव मात्र त्यांनी समितीपुढे स्वतः मांडला. केदार सरांनी अनुमोदन दिलं. तनया मॅडमनी निदर्शनास आणून दिलं की मध्यपद्धत आल्यापासून संस्थेचा निकाल वाढला आहे आणि पालकांची एकही तक्रार नाही. काही सदस्य रद्द करा म्हणाले, काही ठेवा म्हणाले. अध्यक्षांनीच घालून दिलेल्या परंपरेला अनुसरून समितीने तोडगा काढला. आता ‘लिमिट अस्तित्वात नाही’ हे उत्तर ‘अ’ तुकडीत बरोबर धरतात आणि ‘ब’ तुकडीत चूक. दोन्ही तुकड्यांत समाधान आहे.

काळूराम वारले तेव्हा घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे सकाळचे नऊ वाजले होते. ते अंगणात बाजेवर होते आणि आक्का जवळ होती. दवाखान्याच्या कागदावर, तिथे नेऊन तपासल्याची वेळ म्हणून, साडेबारा लिहिलं गेलं. महाविद्यालयाच्या श्रद्धांजलीच्या फळ्यावर दोहोंचा मध्य काढून ‘सकाळी पावणेअकरा’ असं लिहिण्यात आलं, सुबक अक्षरात, हार घालून. पुण्याहून आलेली मृणाली फळ्यासमोर उभी राहिली आणि तिने विचारलं, “पावणेअकराला कोण वारलं?” फळा कोणी पुसला नाही. तो अजून आहे. चारपैकी दोन मिळाले होते तेव्हा पोरीने गप्प बसायला हवं होतं, शून्यापेक्षा बरे होते, असं ज्या वाचकांना मघाशी क्षणभर वाटलं (आणि वाटलं होतं, आता मान हलवू नये), त्यांच्यासाठीच तो राखून ठेवला आहे. त्यांनी तीच वेळ धरावी.

बाकीच्यांसाठी: काळूराम हरी मढवी, दिघाशी, वय वर्षं अडुसष्ट, नारळी पौर्णिमा झाल्यावर आलेल्या रविवारी, १० ऑगस्ट २०२५ रोजी, सकाळी नऊ वाजता वारले.